त्रेचाळीस टक्क्यांवर बंद पडलेला फोन

आप्पांना रस्ते आठवेनासे झाले, तेव्हा मी माझा जुना फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवायला सुरुवात केली. आप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी एसटी चालवली आणि आता कोपऱ्यावरून दूध आणताना गल्ली चुकत होते. मी पंचवटीतल्या घरातून रोज पिंपळगावला, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला जाते. आईचे गुडघे तिला जिना उतरू देत नाहीत. म्हणून आप्पा कुठे आहेत ते माझ्या फोनवर दिसेल, अशी सोय करून घेतली होती. काम करता करता मी सारखी बघायचे. नकाशातला ठिपका घरावर दिसला की जीव भांड्यात पडायचा.

पण हा फोनच बंद पडला तर? ही धास्ती पाठ सोडत नव्हती. त्यामुळे आप्पा घरात असले की फोन चार्जरला लावलेलाच. जाड रबरी कव्हरसकट, स्वयंपाकघराच्या खिडकीत, कारण प्लग तिथेच होता. दुपारभर त्या खिडकीत ऊन यायचं. शंभर टक्के झाले तरी मी काढू द्यायचे नाही. आई एकदा म्हणालीसुद्धा, "अगं, हात भाजतोय त्याला." मी म्हटलं, "भाजू दे. भरलेला तर राहतोय ना!"

एप्रिलातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर ठिपका आडगाव नाक्यावर. म्हणजे आप्पा घरापासून लांब, हायवेवर. बॅटरी दाखवत होती त्रेचाळीस टक्के. मी लगेच फोन लावला.

"आप्पा, कुठंय तुम्ही?"

मागे गाड्यांचे हॉर्न. "ड्युटीवर," ते म्हणाले. आवाज अगदी खणखणीत.

"कसली ड्युटी? तिथंच थांबा. मी येतेय."

फोन मध्येच कट झाला. पुन्हा लावला तर फोन बंद. ठिपकाही गेला. त्रेचाळीस टक्के असताना फोन बंद कसा पडेल? त्याचा एकच अर्थ मला सुचला. फोन रस्त्यावर पडला, त्यावरून गाडी गेली; आणि आप्पा?

साहेबांना नीट सांगितलंही नाही. हायवेवर येऊन मिळेल त्या गाडीला हात केला. नाशिक येईपर्यंत मी समोरच्या काचेतून रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होते. कुठे माणसं गोळा झालेली दिसली की त्यांच्यात आप्पांचा पांढरा शर्ट शोधायचे. ओझरजवळ एक टेम्पो उलटला होता, कांदे रस्ताभर पसरले होते. गाडी पुढे सरकेपर्यंत मला डोळे उघडवेनात.

आडगाव नाक्यावर उतरले. टपरीवाल्याला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. "पांढरा शर्ट, उंच, डोक्यावर टोपी." एकानं पुलाखाली बोट दाखवलं. पळत गेले, तर तिथे दुसरेच कुणी म्हातारे गृहस्थ बसलेले. मला बघून ते दचकले. मी त्यांच्या अगदी तोंडाजवळ जाऊन उभी राहिले होते.

मग लक्षात आलं, की आप्पांच्या खिशात चिठ्ठी नाही. पत्ता नाही, नंबर नाही. सगळा भरवसा त्या फोनवर टाकून मी मोकळी झाले होते.

त्यानंतर किती वेळ मी तिथे फिरले, सांगता येणार नाही. आईचा फोन आला तेव्हा तो उचलायचंही धाडस होत नव्हतं.

"सापडले गं," ती रडत होती. "चांदवडला आहेत."

आप्पा नाक्यावरून मालेगावच्या बसमध्ये चढले होते. कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर म्हणाले, "स्टाफ." चालकाच्या मागच्या सीटवर बसून त्याला गिअर कधी टाकायचा ते सांगत राहिले. चालक चांगला निघाला. चिडला नाही, पण कुठे उतरायचं ते आप्पांना सांगता येईना, तेव्हा त्यानं चांदवड स्टँडवर त्यांना कंट्रोलरच्या खोलीत नेलं. त्या कंट्रोलरनं एके काळी आप्पांच्या गाडीवर कंडक्टरकी केली होती. आमच्या घरचा नंबर त्याच्याकडे होता. नसता तर? तो विचार मी आजही पुरा करत नाही. ती बस पिंपळगाववरूनच गेली होती. मी नाशिककडे धावत होते आणि आप्पा समोरून निघून गेले होते.

आप्पांना घरी आणलं तेव्हा फोन त्यांच्या खिशातच होता, बंद. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या बाईंनी कव्हर काढलं, फोन काचेच्या टेबलावर ठेवला आणि बोटानं हलकेच ढकलला. तो गरकन फिरला. पाठ फुगली होती.

"ताई, हा कुठं ठेवत होता?"

"वडिलांच्या खिशात." मी छातीवर हात ठेवून दाखवलं.

त्यांनी फोन अलगद बाजूला सरकवला. "नशीब समजा. फुगलेली बॅटरी दाबली गेली, तापली, तर पेट घेऊ शकते."

आप्पांच्या जिवासाठी ठेवलेली वस्तू मीच त्यांच्या छातीशी धोक्याची करून ठेवली होती.

बाईंनी रागावून नाही, पण स्पष्ट सांगितलं. बॅटरीला सगळ्यात वाईट उष्णता. चार्जिंगला लावताना जाड कव्हर काढायचं. उन्हात, गादीवर, उशीखाली लावायचा नाही. दिवसभर शंभरावर लटकवून ठेवायचा नाही. ऐंशीच्या आसपास काढला तरी चालतं. अगदी शून्यावरही जाऊ द्यायचा नाही, वीसच्या आगेमागे आला की लावायचा. "आणि थकलेली बॅटरी त्रेचाळीस दाखवते आणि मध्येच मरते. आकड्यावर विसंबू नका."

नवी बॅटरी बसवली. आता फोन दिवाणखान्यात, सावलीत, फरशीवर चार्ज होतो. आप्पांच्या प्रत्येक शर्टाच्या आत मी नंबर शिवून टाकला आहे, आणि खालच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय. तरी दुपारी जेवणाचा डबा उघडण्याआधी मी ठिपका बघते.

परवा सकाळी आप्पांच्या खिशात फोन ठेवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, हा कुणाचा?"

"तुमचाच, आप्पा."

"बरं," ते म्हणाले, आणि मी कोण हेही विचारतील या भीतीनं मी पटकन चपला घातल्या.