ड्राइव्हला दिलेलं देवाचं नाव

आधी मॅडमचं सांगतो, मग घटनेचं. शिराळ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून मॅडमच म्हणतो. त्या नसत्या तर एका पोरीच्या मरणाची फाईल मी माझ्याच हातानं बंद केली असती. नोकरी संपून काही वर्षं झाली, पण ती घटना आठवली की आजही डोकं तापतं.

मी मूळचा बीडकडचा. आई-बाप ऊसतोडीला इकडं यायचे, त्यांच्यामागं माझी शाळा सातवीत सुटली. त्या काळी तेवढ्यावर शिपाई म्हणून घेतलं, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. गाव लांब राहिलं, परत जायचं मनात मात्र आहे. इंग्रजी अक्षरं मला ओळखू येतात, वाचता येत नाहीत. त्यामुळं नोकरीभर धाकधूक असायची की आपलं काही चुकेल आणि चारचौघांत हसं होईल. त्या भीतीनं एक सवय लागली. जे कळत नाही ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं.

आमच्या हद्दीत पोलीस आणि लष्कर भरतीची तयारी करून घेणारी एक अकादमी होती. तिथली एकोणीस वर्षांची मुलगी भर उन्हातल्या सरावात कोसळली आणि दवाखान्यात पोचता पोचता गेली. जत भागातल्या मेंढपाळाची पोर. मेंढरांमागं चालून पाय तयार झालेले, तिला पोलीस व्हायचं होतं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि तपास माझ्याकडं आला. अकादमीचा मालक स्वतः ठाण्यात आला, सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हणाला, "लय जिद्दी पोरगी हुती सायेब. पर चोरून गोळ्या खायाची, ताकदीच्या. आमाला काय म्हायती?"

मी तो चहा प्यालो. अर्धा विश्वासही ठेवला. याचा राग मला स्वतःवर आहे, अजून आहे.

दुपारी तिचा बाप आला. खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडारा. रडला नाही. हात जोडून म्हणाला, "सायेब, पोर गेली ती गेली. पर गोळ्या खाऊन मेली ह्ये कागदावर नगा लिऊ. घरात धाकटी हाय अजून." मी बघतो म्हणालो. पोलिसाचं 'बघतो' म्हणजे काय असतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. अकादमीत स्वयंपाक करणारी मावशी भाजीची पिशवी घेऊन ठाण्याच्या मागच्या दारानं आली. घाबरलेली होती. पोरगी गोळ्या खात नव्हती, गूळ-शेंगदाणे खायची, ते मीच द्यायची, असं म्हणाली. जाता जाता म्हणाली, "त्या दिशी एक जण काळी बॅग घिऊन आला हुता, हापिसात बसला. तवापासनं त्या क्यामेऱ्याची लाल बत्ती बंद हाय." कोण ते तिला माहीत नव्हतं. जबाब द्यायलाही तयार नव्हती.

मी दोन पंच घेऊन अकादमीत गेलो. कॅमेऱ्याचा विषय मी काढायच्या आधीच मालक ऑफिसातला कॉम्प्युटर चालू करून म्हणाला, "बघा की, क्यामेरे नुस्ते बसीवल्यात. रेकॉर्डिंग अजून सुरूच केल्यालं न्हाई." न विचारता दाखवतो तो माणूस लपवत असतो, एवढं तरी मला सेवेनं शिकवलं होतं. पडद्यावर तीन खाने दिसत होते, आत काही नव्हतं. प्रत्येकाखाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मी एक एक अक्षर पंचनाम्यात चितारून घेतलं. मालक हसून म्हणाला, "आवं, त्यात काय बघतायसा?" पंचही हसले. मी अक्षरं पुरी केली, कॉम्प्युटरचा डबा बंद करून जप्त केला, सील केलं.

ठाण्यात सगळे म्हणाले, रिकाम्या डब्यात काय आहे, टाका मिटवून. मीही जवळपास त्याच विचारात होतो. तेवढ्यात चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठी मॅडम आल्या. कॉम्प्युटर कळणारं ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं. लाजत लाजत पंचनामा पुढं केला आणि विचारलं, हे काय लिहिलंय?

त्यांनी वाचलं. "बिरोबा एक, बिरोबा दोन, बिरोबा तीन."

मग मला समजेल असं सांगितलं. डब्यातली हार्ड डिस्क म्हणजे एक शेत. त्यात बांध घालून तुकडे पाडतात, त्याला पार्टिशन म्हणतात. फॉरमॅट म्हणजे कुठल्या तुकड्यात काय पेरलंय त्याची पाटी उपटून टाकणं. पाटी गेली म्हणून पीक लगेच जात नाही, वर नवीन पेरलं तरच जातं. "आणि काका, नवीन तुकड्याला कंपनी देवाचं नाव देत नाही. हे कुणीतरी बसून टाइप केलंय. डिस्क परत चालू करू देऊ नका कुणाला, साहेबांनासुद्धा." शेजारच्या टेबलावर आमचा एक शिपाई बघू तरी म्हणून सील काढायच्या बेतात होता. मी त्याच्यावर असा ओरडलो की मॅडमही दचकल्या.

त्या म्हणाल्या, नाव टाकायची प्रत्येक दुरुस्तीवाल्याची आपापली सवय असते. मग मी बाजार फिरलो. झेरॉक्सच्या दुकानात दुसरंच नाव निघालं. मंगल कार्यालयात काहीच नाही. दूध डेअरीच्या कॉम्प्युटरवर मात्र तीच अक्षरं निघाली. मी खिशातला कागद शेजारी धरून एक एक ताडून पाहिलं. डेअरीवाला म्हणाला, "आमचा दुरुस्तीवाला गडी बिरोबाचा भगत हाय. ज्या कॉम्प्युटरला हात लावंल त्याला देवाचं नाव देतो, भरभराट व्हावी म्हणून."

तासाभरात तो गडी माझ्यासमोर बसला होता. अंगाला बोट लावलं नाही, स्टेशन डायरीला तशी नोंद आहे. तो म्हणाला, माऊस बदलायला गेलो होतो. पंचनामा दाखवला तरी तेच म्हणत राहिला. मग मी दार उघडलं. बाहेर बाकावर कागदासाठी थांबलेला मुलीचा बाप बसला होता. म्हटलं, "त्याच्या कपाळावरचा भंडारा बघ, बिरोबाचाच आहे. तुझा अन् त्याचा देव एकच. त्याच्या पोरीच्या मरणावर तू त्या देवाचं नाव लिहिलंस."

मग तो सांगायला लागला.

"सायेब, मी गेलो तवा पोरगी पडवीत आडवी हुती. मला वाटलं, झोपलीया. तिच्या पायावरनं वलांडून मी हापिसात गेलो. मालक म्हणला, सगळं पुसून टाक, नवं पार्टिशन कर. म्हणलं, पुरं पुसायला लय तास लागत्यात. तर म्हणला, वरवरचं उरक, मला गाडी काढायची हाय."

"म्हणजे गाडी नंतर निघाली?"

"व्हय."

मी पेन खाली ठेवलं. पोरगी उन्हानं भाजून पडवीत पडली होती आणि त्या माणसानं पहिला फोन दवाखान्याला नव्हे, दुरुस्तीवाल्याला केला होता.  त्या गड्याला मारलं नाही, मालकालाही मारलं नाही, याचं श्रेय माझ्या शांत स्वभावाला देऊ नये. वर्दीची भीती होती, एवढंच.

पुढचा तपास मोठ्या साहेबांनी घेतला आणि मावशीनंही जबाब दिला. डिस्क फॉरेन्सिक लॅबला गेली. घाईत वरवर पुसल्यामुळं खालचं बरंच हाती लागलं. टायर ओढत धावणारी मुलगी, पाणी मागणारी मुलगी, आणि तिच्यासमोर बाटली मातीत ओतणारा मालक. डिस्क फॉरमॅट झाल्याची वेळ डिस्कवरच उमटली होती. दवाखान्यातली दाखल केल्याची वेळ तिच्या तासाभरानंतरची निघाली. त्याआधी वाया घालवलेला वेळ तिला मिळाला असता तर ती जगू शकली असती, असं डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं. पुरावा पुसायला घेतलेला वेळच पुरावा ठरला. व्हिसेराच्या अहवालात कसल्याही गोळीचा अंश नव्हता.

मालकाला शिक्षा लागली त्या दिवशी बाप कोर्टाबाहेर भेटला. किती वर्षं लागली ते त्यानं विचारलं नाही. म्हणाला, "गोळ्या न्हवत्या म्हणून लिवल्याला कागद मिळंल का? धाकटीच्या सोयरिकीला दावायला." नक्कल काढून दिली. त्यानं ती घोंगडीच्या घडीत ठेवली.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. आपल्याला कळत नाही हे कबूल करायला मी आयुष्यभर घाबरत आलो, आणि त्या दिवशी ते कबूल केलं म्हणूनच खरं बाहेर आलं. माझ्याहून जास्त शिकलेल्यांनी तो डबा रिकामा म्हणून बाजूला सारला होता.

मॅडमनी कोर्टात साक्ष दिली. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. मालकाच्या माणसांनी जागामालकाला गाठलं आणि क्लासची माडीवरची खोली गेली. आता क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापून बंद पडतात, तेव्हा त्या पोरांना बाहेर सावलीत बसवून वहीवर शिकवतात. माझ्याजवळ त्यांनी कधी तक्रार केली नाही. विचारलं तर म्हणतात, "जाऊ द्या काका."

नाही जाऊ देणार. माझ्या घराची रस्त्याकडची खोली पक्क्या स्लॅबची आहे. सध्या तिथं भाडेकरू आहे, त्याची मुदत संपली की ती खोली त्यांच्या क्लासची. त्यांनी भाड्याचं नाव काढलं तर मी त्यांच्याशी बोलणार नाही. तिथं कॉम्प्युटर मांडले गेले की पहिल्या दिवशी मीही बाकावर बसेन आणि ती इंग्रजी अक्षरं वाचायला शिकेन. तोवर त्यांचे उपकार माझ्या डोक्यावर आहेत, आणि ते फेडल्याशिवाय मी काही बीडला परत जायचा नाही.