‘मी’ म्हणायची तालीम

कारखान्यात तिला सगळे बिजागरीबाई म्हणायचे आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. दवाखान्यातल्या खाटा, यंत्रांची झाकणं, जिथं म्हणून काही उघडमीट असेल तिथली बिजागरी तिच्या टेबलावरून जायची. टेबल तरी तिचं एकटीचं कुठं होतं? समोर नवरा बसायचा. हिनं रेघ ओढायची, त्यानं नाक मुरडायचं, मग दोघांनी कडाकडा भांडायचं, आणि त्यातून जे निघायचं ते वर्षानुवर्षं कुरकुरायचं नाही. गेल्या वर्षी नवरा झोपेतच गेला. मागोमाग कारखान्यालाही टाळं लागलं.

आता घडीचे फोन बनवणाऱ्या एका बड्या कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. या वयात पुन्हा कोण विचारणार, हे तिलाही कळत होतं आणि तिच्या थोरल्या नणंदेलाही. नणंद शाळेतून निवृत्त झालेली, जीभ अजून नोकरीवरच. पण भाऊ गेल्यावर बॅग घेऊन आली ती भावजयीपाशीच राहिली. तिनं स्वयंपाकघरातच मुलाखत मांडली.

“हं, सांगा. कुठंही सोडलं तरी तिथंच थांबणारं हे झाकण, त्याची बिजागरी कोणी केली?”

“आम्ही...”

नणंदेनं टेबलावर पळी आपटली. “आम्ही कोण? अख्खी पलटण? अगं, त्यांना तुला घ्यायचंय. मी म्हण.”

“मी... म्हणजे, पिन जाड करा असं ह्यांनी सांगितलं, मग आम्ही...”

पुन्हा पळी.

पिनवरचा दाब, झीज, घर्षण, सगळं तिला तोंडपाठ होतं. गाडं अडत होतं ते एका शब्दापाशी. शेवटी नणंदेचा पारा चढला. “माझा बाळ्या येणार आहे का तिथं तुझ्या शेजारी बसायला?”

भावाचं लाडाचं नाव तोंडून निघून गेलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. मग बिजागरीबाईनं डोळे पुसले, पाठ ताठ केली.

“विचारा ताई. पहिल्यापासून विचारा.”

त्यानंतर पळी वाजली नाही. नणंद विचारत गेली आणि एकेका उत्तरातून तिचा भाऊ वजा होत गेला. आपण हे काय करतोय, असं तिच्या जिवाला लागलं होतं, पण थांबून कसं चालणार?

मुलाखत छान झाली. ‘हे सगळं तुम्ही एकट्यांनीच केलंत?’ असं साहेबांनी विचारलं आणि तिनं ‘हो, मी केलं’ असं सांगितलं. घरी येऊन तिनं हे जसंच्या तसं ऐकवलं, तेव्हा शाबासकी द्यायची सोडून नणंद भांडी घासायला उठली. नळ सोडला तरी तिचं रडणं ऐकू येत होतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला तेव्हा नणंद पानं वाढत होती. बाई जागेवरून ताडकन उठली.

“अभिनंदन! सोमवारपासून याल ना?” पलीकडून विचारलं.

“हो हो, येऊ की!” ती हरखून म्हणाली. “नक्की येऊ आम्ही.”

नणंदेच्या हातातली पळी वर गेली. क्षणभर तशीच राहिली. मग तिनं ती, आवाज होऊ न देता, पातेल्यात ठेवली.