धुतलेले पाय धुणारी मंडळी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाय धुण्याचा विधी व्हायचा तो धुतलेल्या पायांवर. हे आधीच सांगून टाकतो, कारण अक्काचा पाय त्यातच गेला.

अक्का धुळ्यात आमच्या चर्चमागच्या खोलीत एकटी राहायची. मूळची शिंदखेड्याकडची, विधवा, बोली पक्की अहिराणी. साखरेच्या आजारानं तिच्या उजव्या तळव्याला जखम झाली होती. रोज धुऊन पट्टी बदला, नाहीतर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर रविवारी तिच्यासाठी प्रार्थना व्हायची, मोठ्यानं, डोळे मिटून. जखमेला हात लावायला मात्र कोणी जायचं नाही. वास येतो म्हणे.

मी तेव्हा दारूबंदीची पत्रकं काढायचो. आई वारल्यापासून झोप उडाली होती, घास तोंडात नुसता फिरायचा, दिसेल त्याच्याशी भांडण. सभेत बोलताना टेबलावर मुठी आपटायचो. लोकांना वाटायचं, काय तळमळ आहे पोराची!

चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा मला फाटकात अडवलं. "उद्यापासून अक्काची पट्टी तू करायची."

"साहेब, मला झोप नाही, जेवण नाही. आणि तुम्ही वर काम सांगता?"

"म्हणूनच सांगतो."

चीड आली. तरी गेलो. पट्टी सोडली आणि बाहेर पळालो, गटारीवर ओकलो. आतून आवाज आला, "झायं का रे भाऊ? ये आते मझार." गेलो पुन्हा आत.

रोजचं ठरून गेलं. पाणी उकळायचं, निववायचं, आधी माझ्या मनगटावर ओतून बघायचं. कारण तिच्या पायाला ऊन-गार काही कळत नव्हतं. मग जखम धुवायची, पू पुसायचा. अक्का तोंडानं मला सोलून काढायची.

"पत्रकमा काय लिखस रे?"

"दारू वाईट असते, असं."

"ते पेनारासले ठाऊक नई का?"

जखमेत हळूहळू लाल मांस दिसायला लागलं. एके दिवशी पट्टी बांधून झाल्यावर मी तिच्या ओट्यावर टेकलो आणि तिथंच झोपलो. कित्येक महिन्यांनी. उठलो तेव्हा तिनं भाकरी आणि ठेचा झाकून ठेवला होता. सगळं खाल्लं. चमत्कार वगैरे म्हणणार नाही. तिच्या पायाशी हात चालू असेपर्यंत मी माझ्या डोक्यातून बाहेर असायचो, एवढंच. पण ते एवढंच मला इतर कुठं मिळालं नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा.

मग पवित्र गुरुवार आला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून बारा जण निवडायचे, पाळकसाहेबांनी त्यांच्या पायांवर पाणी घालायचं, अशी आमची रीत. त्या वर्षी बारांत अक्का होती. आणि दरवर्षीसारखी चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींनी सूचना दिली : निवडलेल्यांनी पाय स्वच्छ धुऊन यावं. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. लोक घरी दगडानं टाचा घासायचे, नवे मोजे चढवून यायचे.

सकाळी पट्टी बांधून मी बजावलं होतं, हिला हात लावू नकोस. संध्याकाळी न्यायला गेलो तर अक्का नवं लुगडं नेसून बसलेली. पट्टी सोडलेली, पाय घमेल्यात, घमेल्यातून वाफ निघत होती. मी पाय उचलला. कातडी हाताला आली.

"हे काय केलंस?"

"देवना घरमा असा पाय लई जाऊ का?" मग माझं तोंड बघून म्हणाली, "माले काही समजनंच नई रे भाऊ."

त्या संध्याकाळी अकरा जणांचे पाय धुतले गेले. अक्काचा पाय पुढं गुडघ्याखाली कापला. वडील मंडळी म्हणाली, देवाची इच्छा. मी तोंडावर सांगितलं, देवाची नव्हे, तुमच्या सूचनेची! प्रभूनं वाटेच्या धुळीचे पाय धुतले, घासूनपुसून आणलेले नव्हेत.

ती दवाखान्यात होती तोवर माझी झोप पुन्हा गेली. ती घरी आली, मी कापून उरलेल्या पायाची पट्टी करू लागलो, आणि झोप परत आली. हे मला डाचायचं. शेवटी बोललोच : "अक्का, तुझा पाय गेला आणि मी बरा झालो. हा कुठला न्याय?"

"मंग? दोन्हीसनं वाईट व्हवाले पाहिजे व्हतं का?"

मी पट्टीची गाठ मारली.

पुढच्या वर्षी तीच सूचना पुन्हा दिली गेली, शब्दही न बदलता. गुरुवारी घंटा झाली तेव्हा मी चर्चच्या पायऱ्यांवरून उतरलो आणि मागं गेलो. अक्का दारात बसली होती. डावा पाय पुढं, धुळीनं पांढरा, टाचेला चिखल.

"धुतला नाहीस ना?"

"नई. तू येनार व्हता ना."

त्या पायालाही आताशा फारसं कळत नाही. पाणी मी आधी माझ्या मनगटावर ओतलं.