सगळी गाणीच

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी होटगी रस्त्याला स्कूटरचं पंक्चर काढून घेत उभा होतो. भाची मनीषा एवढंच म्हणाली, "मामा, पप्पा गेले." मी 'बरं' म्हणालो. असं कुणी म्हणतं का... पण त्या क्षणी खरंच सुटल्यासारखं वाटलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. घशाच्या कॅन्सरनं त्या माणसाचे जे हाल केले ते पाहिलेला कुणीही हेच म्हणाला असता. रडू नंतर आलं, पंक्चरवाल्यासमोरच. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि चाक बसवत राहिला.

शिवानंददाजी म्हणजे माझ्या सुमनताईचे यजमान. भवानी पेठेत त्यांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, आणि आमच्या नात्यातलं एकही लग्न त्यांच्या कॅमेऱ्यातून सुटलं नाही. खांद्यावर कॅमेरा, गालात तंबाखूचा मावा आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. "ओ काकू, हितं बघा की. मामा, जरा सरा, नवरी झाकली तुमी." त्या आवाजाला माईक लागत नसे. भर मंडपात, हजार माणसांत, दाजी कुठं उभे आहेत हे डोळे मिटून सांगता यायचं. पण दुकानात बसून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली की त्यांचं पहिलं काम म्हणजे आवाज पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायची. आमच्याकडं लग्नाचा व्हिडिओ असाच लागतो. हळदीला गाणं, पंगतीला गाणं, पाठवणीला तर दोन. मी एकदा म्हटलं, थोडा खरा आवाज ठेवा की. "खरा आवाज लई घाण असतोय," ते म्हणाले, "खोकला, भांडी आणि माझा वरडा. कोण ऐकणार ते?" आणि ती कॅसेट पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायची. धंद्याची रीतच ती, सगळेच तसं करायचे. पुढं फोन आले तरी खोड गेली नाही. नातीच्या बारशाच्या व्हिडिओवरसुद्धा त्यांनी गाणं चढवलं.

दुकान बंद केल्यावर रिकामं बसणं त्यांना जमेना. मग घरात सर्व्हर बसवायचं खूळ डोक्यात शिरलं. म्हणजे सगळ्या नात्यातली लग्नं, बारशी, वास्तुशांती एका मशीनवर ठेवायच्या, आणि ज्यानं त्यानं आपापल्या टीव्हीवर, फोनवर हवं तेव्हा बघायचं. खाली दाजींच्या धाकट्या भावाचं बिऱ्हाड, मधे हे स्वतः, वरच्या खोलीत ताई साड्यांना फॉल लावत बसायची तिथला जुना टीव्ही, आणि पुण्याला मनीषा. चौघांनी एकदम लावलं तर मशीन दम टाकेल का, यावर बापलेकीची दोन महिने जुंपली होती. मनीषाचं म्हणणं, चांगलं दणकट मशीन घ्या आणि सगळं नव्या फॉरमॅटमध्ये ठेवा, एच दोनशे पासष्टमध्ये. जागा निम्मी लागते. दाजींचा हट्ट दोनशे चौसष्टचा. जुनं असलं तरी ते कुठल्याही टीव्हीला चालतं. ताईच्या टीव्हीला पासष्ट कळत नव्हतं, त्यामुळं मशीनला ते चालता चालता बदलून द्यावं लागलं असतं, आणि तिकडं सगळे बसले असताना ते धापा टाकणार. "पंगत बसल्यावर गिरणीत जायचं नसतंय," दाजी म्हणायचे. त्यांनी एका हापिसातलं जुनं, वीज कमी खाणारं मशीन उचललं, दोन मोठ्या डिस्क बसवल्या, एक बिघडली तर दुसरीवर सगळं असावं म्हणून, आणि एकेक लग्न आधीच चौसष्टमध्ये करून ठेवलं. ते दिवस मजेचे होते. दाजी जिन्यात उभे राहून खाली-वर ओरडून चाचणी घ्यायचे आणि ताई वरून वैतागून उत्तरं द्यायची.

त्याच वर्षी उन्हाळ्यात दाजींचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून त्यांनी काढा घेतला, गुळण्या केल्या. मावा मात्र सोडला नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक, आणि हातात नातीची पाटी. जिन्यात ओरडणारा माणूस काही हवं असलं की पाटीवर पेन्सिल आपटायचा. आमची शेवटची भेट त्या दिवसांतलीच. दुपारी मी गेलो तर ताई माझ्याच लग्नाचा व्हिडिओ लावून बसलेली, शेजारी दाजी. मी समजलो वेळ घालवतायत. मग दाजींनी रिमोट घेतला, दुसरं लग्न लावलं, थोडं ऐकलं, तिसरं लावलं, चौथं लावलं. ताई मान खाली घालून बसली होती. ती काय शोधतेय हे तिनं त्यांना सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. शेवटी त्यांनी टीव्ही बंद केला, पाटी ओढली आणि माझ्याकडं फिरवली. 'सगळी गाणीच.' आयुष्यभर बोललेल्या माणसाचा एक शब्द त्या एवढ्या मोठ्या मशीनमध्ये नव्हता, आणि तो पुसणारे हात त्यांचेच होते.

दिवस झाल्यावर मनीषानं ते मशीन पार कोपऱ्यापर्यंत धुंडाळलं. एका बाजूच्या फोल्डरात तिला 'पासष्ट नमुना' नावाची बारकी फाइल सापडली. मनीषानं पुन्हा वाद घातला तर पासष्ट वरच्या टीव्हीवर कसं अडकतं हे दाखवायला दाजींनी ती ठेवली असणार. नमुन्यावर गाणं कोण चढवणार? त्यात दाजी जिन्यात उभे आहेत, गालात मावा, आणि म्हणतायत, "एक, दोन, तीन. सुमन, वर दिसतंय का? आवाज येतोय का गं?" बस, एवढंच. मनीषाच्या फोनवर ते सरळ चाललं. ताईनं ऐकलं, फोन परत दिला आणि म्हणाली, "वर लाव." वरच्या टीव्हीवर दाजी म्हणाले होते तसंच झालं. एक, दोन... आणि पडद्यावर चक्र गोल फिरायला लागलं.

मनीषा म्हणाली, "आई, दोन मिनिटात चौसष्ट करून देते. मग अडकायचं नाही."

"बदलू नको," ताई म्हणाली. "बदलता बदलताच त्यांनी सगळं पुसलं."

आवाज तसाच राहतो, प्रतही निघते, हे आम्ही दोघांनी तिला खूप समजावलं. ती ऐकत नाही, आणि मीही आता सांगायचं सोडलंय. परवा गेलो तेव्हा ती वर मांडीवर साडी घेऊन बसली होती आणि समोर ते चालू होतं. दाजी म्हणाले, "सुमन, वर दिसतंय का? आवाज ये..." आणि थांबले. तोंड उघडं, हात कठड्यावर. ताईनं सुई तशीच वर धरली. मला वाटलं आता ते बंदच पडलं. बऱ्याच वेळानं मशीननं उरलेलं पुढं ढकललं, "...तोय का गं?"

"व्हय, येतोय," ताई म्हणाली, आणि तिनं पुढचा टाका घातला.