धूर गेला, टेम्पो राहिला

सोसायटीच्या गेटजवळच्या चार्जिंग पॉइंटवर इंग्रजी पाटी आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून आज ती वडिलांना मीच वाचून दाखवली: फक्त रहिवाशांच्या गाड्यांसाठी.

माझे वडील, म्हणजे आप्पा, इथल्या दुकानाला रोज पाव-बिस्किटं पोचवतात. टेम्पोच्या धुराची तक्रार सोसायटीच्याच लोकांनी केली होती. आप्पांनी डिझेलचं इंजिन काढून बॅटरी बसवली, झेंडूचा हार घातला आणि टेम्पो आधी इथेच दाखवायला आणला. त्यांना वाटलं, कौतुक होईल.

आज बॅटरी इतकी उतरली की घर गाठणं अवघड होतं. सेक्रेटरी म्हणाले, "टेम्पो मागच्या गेटला घ्या. इथे बरा दिसत नाही."

माझं डोकंच फिरलं. आम्ही वेडे, यांना धूर खुपतो असं समजत होतो. धूर गेला तरी नाकं मुरडलेलीच! हवा स्वच्छ हवी, आणि ती स्वच्छ करायला घरचे पैसे घालणारा माणूस मात्र मागच्या दाराने यावा?

दुकानवाल्या शैलाकाकूंनी कोल्ड्रिंकच्या फ्रिजचा प्लग काढला आणि तिथे टेम्पोची वायर लावली.

बऱ्याच वेळाने सेक्रेटरी दुकानात आले. बाटली हातात घेऊन म्हणाले, "अहो, ही तर कोमट आहे!"

"गारवा टेम्पोत भरतेय," काकू म्हणाल्या. "आप्पा निघाले की तुमची बाटली गार होईल. थांबता का?"

मी आप्पांना म्हटलं, "सावकाश होऊ दे. घाई नाही आपल्याला."