देशाची सरासरी, माझी एक लेक

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हा मी बीडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी देशाचा जननदर वर्तवत होते. जननदर म्हणजे एका बाईला सरासरी किती मुलं होतात तो आकडा. विभागात एकच कॉम्प्युटर, त्यावर मी न्यूरल नेटवर्क उभं केलं होतं. मुलींचं लग्नाचं वय, शिक्षण, दगावलेली बाळं अशी मागच्या वर्षांची माहिती त्याला द्यायची, त्यानं अंदाज करायचा, चुकला की चूक दाखवायची आणि त्यानं स्वतःला सुधारायचं. हा गुण मला आमच्या घरात कुणातच दिसला नव्हता. लाईट गेली की शिकलेलं सगळं विसरायचं, तेवढं मात्र घरच्यांसारखंच होतं.

एकदाचा पुढच्या वर्षांचा अंदाज निघाला. दर उतरत जाईल, पण इतक्यात काही दोनाच्या खाली येणार नाही. मी हरखून नवऱ्याला सांगितलं आणि त्यानं जेवताना आईला.

मला एकच मुलगी, चार वर्षांची. सासूबाईंना नातू हवा होता आणि मला ऑपरेशन करून मोकळं व्हायचं होतं. धर्मापुरीच्या देवळात नवसाचा म्हणून बांधायला त्यांनी छोटा लाकडी पाळणाही आणून ठेवला होता. आता माझंच संशोधन त्यांच्या हाती सापडलं.

"तुझंच मशीन म्हणतंय दोनाच्या वर," त्या म्हणाल्या. "मग तू एकावर का म्हणून थांबायलीस?"

नवरा खाली मान घालून भात कालवत राहिला. मला त्याचाच जास्त राग आला.

"आत्याबाई, सरासरी देशाची हाय," मी म्हटलं. "ती भरून द्यायचा ठेका मी घेतला न्हाई."

पाळणा बांधायला येणार नाही, हेही सांगून टाकलं. नवऱ्याला म्हटलं, सोमवारी मी दवाखान्यात चाललेय. यायचं तर या, नाहीतर वाटेतून बाजूला व्हा. तो आला. कपाळाला आठ्या घालून, पण आला.

सासूबाईंनी बरेच दिवस अबोला धरला. माळ्यावर पडलेला पाळणा मी काढला आणि लेकीला बाहुली निजवायला दिला.

टाके वाळल्यावर कॉलेजात जाऊन नेटवर्क पुन्हा चालवलं. माझ्यापायी देशाचा आकडा तसूभरही हलला नव्हता. आमचं घर मात्र मुळापासून हललं होतं. हलू दे, म्हटलं, आणि लाईट जायच्या आत प्रिंट काढायला घेतली.