राही भुवडची नोटीस

राही भुवड चालताना नेमकी कुठे असते, हे आंबेकोंडात कुणालाच सांगता आलं नसतं. पाय सड्यावरच्या, कातळाच्या उघड्या माळावरच्या, पायवाटेवर, खांद्याला टपालाची पिशवी, डोक्यावर छत्री. पण मन भलतीकडेच. समोरून कुणी हाक मारली की पहिल्या दोन हाका वाऱ्यावर जायच्या आणि तिसरीला ती दचकून म्हणायची, "ओ! काय गो?"

मिरजोळ्याच्या कारखान्यांच्या शेड मागे पडल्या की थोड्या वेळाने आंबेकोंडाचा सडा लागतो. चार वाड्या, साडेतीनशे उंबरे, आणि त्या सगळ्यांच्या टपालाचा बटवडा बारा वर्षं राहीकडे. नवरा दीपक मुंबईला, एका सोसायटीतल्या लिफ्टवर देखरेख करतो. गणपतीला आणि शिमग्याला घरी येतो. मुलगी संस्कृती एसटीने रत्नागिरीच्या कॉलेजात जाऊन-येऊन करते. घरात स्वयंपाक, म्हैस, पाणी. दिवसातले बटवड्याचे तीन तास तेवढे राहीचे स्वतःचे असत.

पाकीट फोडायचं नाही, हा नियम तिने कधी मोडला नाही. पण पाकिटाच्या बाहेरून वाचायला कुणाची बंदी नव्हती. बँकेच्या पत्रांतून आणि आधार कार्डांतून फारसं काही निघत नसे. पण एखाद्याचा पासपोर्ट आला, की तो हातात घेऊन राही मनाने आखातातल्या वाळवंटात जायची. तिथे ऊन असायचं, पण घाम नसायचा. खालच्या वाडीतल्या मुलीला नोकरीचं पत्र आलं, तेव्हा राही तिच्याबरोबर विसाव्या मजल्यावर जाऊन काचेतून खाली बघून आली होती. आणि दर जानेवारीत दाजी सुर्व्यांना ग्रीस देशातून एक जाड पाकीट यायचं. त्या पाकिटाने राहीच्या डोळ्यांपुढे एक अख्खं बंदर उभं केलं होतं. पांढऱ्या पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या. समुद्र आपल्यासारखा गाजणारा नव्हे, परातीतल्या पाण्यासारखा निपचित. आणि वरच्या गच्चीत वाळत घातलेल्या चादरी काढता काढता एक बाई दाजींचं नाव घेऊन थांबलेली.

दाजींनी तीस वर्षं मालवाहू बोटींवर इंजिनांची देखभाल केली होती. बायको गेल्यावर ते गावी आले, सड्याच्या टोकाला त्यांनी चिऱ्यांचा बंगला बांधला आणि सोबतीला ब्रुनो नावाचा तांबूस, दांडगा कुत्रा पाळला. बंगल्याच्या फाटकाची कडी गणपतीपासून मोडली होती. राहीने दोनदा सांगितलं होतं, "दाजी, कडी बसवून घ्या. तुमचा ब्रुनो बघतो तो काय बरा बघत नाय." दाजी दोन्ही वेळा हसले होते.

ऑक्टोबरच्या अखेरीला सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं. दुपारी वाऱ्याने ते एका बाजूला झुकतं, तेव्हा सगळा सडाच हळूहळू कुठेतरी निघाल्यासारखा वाटतो. त्या दिवशी राही दाजींच्या पेन्शनचं पत्र घेऊन फाटकाशी आली आणि क्षणभर उभी राहिली. ती त्या बंदरात होती. कुत्रा भुंकलाच नाही. फाटक ढकलून बाहेर आला आणि त्याने तिची उजवी पोटरी धरली.

दाजी ओटीवरून धावत आले. त्यांनी कुत्र्याला पट्ट्याला धरून ओढलं. त्यांचे पहिले शब्द होते, "पळालीस असशील तू! पळणाऱ्यालाच धरतो तो."

राही पळाली नव्हती. ती नुसती उभी होती. दाजी आतून हळदीचा डबा घेऊन आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हळद नको. साबण द्या नि नळ दाखवा." आरोग्य केंद्राच्या ताईंनी शाळेत सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. पंधरा मिनिटं ती नळाखाली पाय धरून बसली. लाल पाणी चिऱ्यांवरून वाहत होतं, आणि तिला वाटत होतं, हे आपल्याला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी होतं आहे.

रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात जखमेभोवती सुया टोचल्या, दंडात लस दिली, पुढच्या तारखा कार्डावर लिहून दिल्या. जखम टाके न घालता उघडीच ठेवली. राही जवळजवळ महिनाभर घरात होती. पहिले काही दिवस ताप होता. झोपेत ती बटवडा करत राहायची. वाड्यांमागून वाड्या लागायच्या, आणि पिशवीतल्या एकाही पाकिटावर पत्ता नसायचा.

पाय बरा झाला. ती कामावर रुजू झाली. आणि मग तिच्या लक्षात आलं की काहीतरी गेलं आहे.

आता ती चालताना प्रत्येक कुंपणाचं भोक बघायची. काजूच्या झाडाखालची सावली हलली की थबकायची. हातात काठी होती. कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेलाच ओ द्यायची. "राहीबाय आता कशी हुशार झाली," लोक कौतुकाने म्हणायचे. पासपोर्ट आला, तिने तो दिला, सही घेतली आणि पुढे गेली. वाळवंट काही आलं नाही. तीन तासांची वाट आता खरोखर तीन तासांची झाली होती.

दाजींनी या काळात विचारपूस केली नाही. पोस्टमास्तर आत्मारामांशी ते बोलले तेवढेच. "कुत्रा लस टोचलेला आहे. काय व्हायचंय तिला?"

हे ऐकून संस्कृती भडकली. तिच्या कॉलेजात कायद्याचं शिबिर झालं होतं. "आये, बाईमाणसाला कोर्टात फुकट वकील देतात. कमाई किती ते पण विचारत नाहीत. तू चल."

"गावातल्या माणसावर कोर्ट करू?" राही म्हणाली. "उद्या त्यांच्याच दारात टपाल घेऊन जायचंय मला."

"कुत्रा पुन्हा धरेल तेव्हा पण जाशील?"

त्या आठवड्यात दोघी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवेच्या कार्यालयात गेल्या. तिथे त्यांना मनस्वी नावाची वकील मिळाली, तिशीच्या आतली, घाईघाईत बोलणारी.

"कुत्रा पाळलेला की भटका?" तिने पहिल्यांदा विचारलं. "भटका असता तर ग्रामपंचायतीकडे बघावं लागलं असतं. पाळलेला असेल तर जबाबदारी मालकाची. फाटकाची कडी मोडलीय हे तुम्ही आधी सांगितलं होतं?"

"दोनदा."

"हे फार महत्त्वाचं आहे. धोका ठाऊक असून त्यांनी काळजी घेतली नाही, असं होतं ते." दवाखान्याचे कागद, लसीचं कार्ड, पोलिसांत केलेल्या नोंदीची प्रत, जखमेचे फोटो आणि पोस्टाकडून रजेचा दाखला, असं सगळं तिने एकत्र लावलं. आधी नोटीस पाठवू, मग खटला न घालता लोकअदालतीत अर्ज ठेवू, तिथे जुळलं तर तोच शेवटचा निकाल, वर अपील नाही, हेही समजावलं. मग पेन उचलून म्हणाली, "आता मानसिक त्रास. काय काय होतं? झोप लागत नाही? भीती वाटते?"

"मॅडम, मी चालताना स्वप्नं बघायची," राही म्हणाली. "आता दिसत नाहीत."

मनस्वीने लिहिलं, 'चालताना भीती वाटते.' आणि वाचून दाखवलं.

"तसं नव्हे," राही म्हणाली. "भीती हाय ती हायच. पण भीती आली म्हणून त्रास नाय. आधी जे होतं ते गेलं, त्याचा त्रास हाय."

मनस्वीचं पेन थांबलं. खिडकीबाहेर टायपिंगवाल्यांची खडखड चालू होती. तिने ओळ खोडली आणि सावकाश दुसरी लिहिली: 'अर्जदार पूर्वी निर्धास्तपणे चालत असे.' राहीने ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि मान हलवली.

आठव्या दिवशी आत्माराम मास्तरांनी टपालाची थैली सोडली आणि एक लांबट पाकीट हातात धरून तसेच बसले. रजिस्टर, पोचपावतीसह. पाठवणार वकील, घेणार दाजी सुर्वे.

"हे तुझंच ना गो?" मास्तर म्हणाले. "ठेव. मी देऊन येतो सांजच्याला."

राहीला ते सोपं वाटलं. पण मग तिने पाकीट उचललं आणि पिशवीत घातलं. "नको मास्तर. बटवड्याची बीट माझी हाय."

त्या दिवशी तिने बाकीच्या तीन वाड्या आधी केल्या. पाकीट पिशवीच्या तळाशी होतं आणि त्याचं वजन तिला खांद्यावर जाणवत होतं. वाटेत दोनदा वाटलं, घर बंद होतं असं लिहून परत पाठवावं. कुणाला कळणार होतं? पण बारा वर्षांत तिने उघड्या दाराला बंद लिहिलं नव्हतं. सड्याच्या टोकाला ती आली तेव्हा फाटक तारेने बांधलेलं होतं आणि आत ब्रुनो पाय पसरून बसला होता. तो उठला. राहीने काठी घट्ट धरली आणि तिथूनच हाक दिली, "दाजी! रजिस्टर!"

दाजी आले. कुत्र्याला साखळी घालून खांबाला बांधून आले. तिने मोबाईल पुढे केला, त्यांनी बोटाने वाकडीतिकडी सही केली, पोचपावतीवरही केली. मग चष्मा लावून तिथेच पाकीट फोडलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे तू पाठवलंस?"

"होय."

"आणि तूच घेऊन आलीस?"

"दुसरं कोण आणणार, दाजी? टपाल मीच देतंय."

"मी घेतलं नाही असं लिहिलं असतंस तर?" दाजींनी विचारलं.

"तुम्ही घेतलात ना पण," राही म्हणाली आणि वळली. परतीच्या वाटेवर तिला हुंदका आला. कशाचा, ते तिला कळलं नाही. उतारावर बसून तिने तो पुरा होऊ दिला आणि मग घरी गेली.

लोकअदालत डिसेंबरात भरली. न्यायालयाच्या दालनात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलापाशी माणसांचा घोळका. राहीच्या टेबलावर एक न्यायाधीश आणि एक ज्येष्ठ वकील होते. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, वकील न करता एकटेच आले होते. औषधाचा खर्च आणि बुडालेला पगार त्यांनी लगेच कबूल केला. कडीबद्दल विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाले, "सांगितलं होतं तिने. माझं चुकलं. पण साहेब, हे एक वाक्य मला कळत नाही. 'निर्धास्तपणे चालत असे.' याचं नुकसान ते काय?"

मनस्वी उत्तर द्यायला पुढे झाली, पण न्यायाधीश राहीकडे बघून म्हणाले, "तुम्हीच सांगा, बाई."

राहीने सांगितलं. आधी अडखळत, मग सलग. वाळवंट सांगितलं, विसावा मजला सांगितला. मग दाजींकडे न बघता तिने पांढऱ्या पायऱ्या सांगितल्या, तो निपचित समुद्र सांगितला, चादरी काढणारी बाई सांगितली. शेजारच्या टेबलावरचा माणूसही मान वळवून ऐकू लागला.

दाजी तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला, आणि लोकांना वाटलं म्हातारा रडतो आहे. पण ते हसत होते. "अगो बाय," ते डोळे पुसत म्हणाले, "ती पत्रं माझ्या जुन्या फोरमनची. त्याला कंबरदुखी आहे. चार पानं तो कंबरेवर लिहितो, आणि पाचव्या पानावर लिंबांच्या झाडांना कीड लागल्याचं." थोडं थांबून ते हळूच म्हणाले, "पायऱ्या मात्र पांढऱ्याच आहेत. तिथल्या बंदराला."

तडजोड लिहिली गेली. मागितलेल्या रकमेत दाजींनी घासाघीस केली नाही. फाटकाला नवी कडी, टपालाची पेटी फाटकाबाहेर, आणि बटवड्याच्या वेळेत कुत्रा साखळीला, असं कलमवार लिहून दोघांनी सह्या केल्या. चेक महिन्याच्या आत आला. तो आला टपालानेच, राहीच्या स्वतःच्या पिशवीतून, आणि मास्तरांच्या समोर तिने स्वतःच त्याच्या पावतीवर सही केली.

राही आणि दाजी आता गप्पा मारतात असं नाही. पेटीत टपाल पडतं, ती पुढे जाते. काठी अजून हातात असते. कधीकधी सड्यावर तिचं मन पूर्वीसारखं थोडं सुटतं, दहा-वीस पावलं, मग कुठे पान वाजतं आणि ती परत येते. खालच्या वाडीत केरूच्या पोराच्या हाताला भटका कुत्रा चावला, तेव्हा त्याची आई आधी राहीकडे धावली. राहीने पोराचा हात नळाखाली धरला, साबण लावला, आईला दवाखान्यात धाडलं, आणि परतल्यावर कुठला कागद जपून ठेवायचा, कुठे जायचं, ते सांगितलं.

त्या पैशातले थोडे बाजूला काढून फेब्रुवारीत ती संस्कृतीला घेऊन वेळणेश्वरला गेली. जयगडला फेरीबोटीत चढून खाडी ओलांडली, देवळात नारळ ठेवला आणि दोघी किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसल्या. ऊन कोवळं होतं. लाट यायची आणि वाळूवर पातळ होऊन थांबायची. "आये, तीनची गाडी हाय," संस्कृती म्हणाली. राही हं म्हणाली. मग तिचे डोळे मिटले, हात वाळूत सैल पडला, आणि ओठ जरासे हलू लागले, कुणाशी तरी बोलत असल्यासारखे. संस्कृतीने तिला उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तीनची गाडी गेली. पाचची होती.